रिस्टोअर केलेली जुनी पिकअप बदल करण्यासाठी घ्यावी का?

रिस्टोअर केलेली जुनी पिकअप विकत घेणे म्हणजे दुसऱ्या कोणीतरी केलेल्या श्रमांचे पैसे मोजणे, आणि तिच्यात बदल करणे म्हणजे त्याच श्रमांपैकी काही भाग उखडून बाजूला ठेवणे. या दोन गोष्टी एकाच व्यवहारात कराव्यात की नाही, हा या लेखाचा विषय आहे. अमेरिकेत राहणारा, घराला गॅरेज असलेला, पाना-पकड हाती धरण्याची सवय असलेला पण पत्र्याचे वेल्डिंग आणि रंगकाम स्वतः न करणारा मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. उदाहरणे मुख्यतः शेव्हरोले सी-१० आणि फोर्ड एफ-१०० या गाड्यांची आहेत, कारण बदलांसाठी लागणारे तयार सुटे भाग याच दोन गाड्यांना सर्वांत सहज मिळतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पत्र्याचे आणि रंगाचे काम खरोखर चांगले असेल, आणि आपण योजलेल्या बदलांपैकी एकही बदल त्या रंगापर्यंत पोहोचणार नसेल, तर रिस्टोअर केलेली गाडी घेणे हाच बहुधा स्वस्त मार्ग ठरतो. बदल रंगापर्यंत पोहोचणार असतील, तर तीच गाडी सर्वांत महाग पडते. इंजिन किती सुरेख वाजते, सीट किती नवी आहे, क्रोम किती चमकते, हे सारे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

काय विकले जाते आहे

रिस्टोअर केलेल्या म्हणून बाजारात येणाऱ्या गाड्या एका जातीच्या नसतात. काही गाड्या कारखान्यातून निघाल्या तशाच पुन्हा उभ्या केलेल्या असतात: मूळ रंगछटा, मूळ इंजिन, रबरी नळ्यांवरचे क्लॅम्पसुद्धा त्या काळातले. अशा गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा त्या अचूकपणाचा असतो, आणि नवे इंजिन बसवण्यासाठी बॉनेट उघडले की तो हिस्सा आपल्या दृष्टीने वाया जातो. दुसऱ्या प्रकारच्या गाड्या मालकाने चालवण्यासाठी नीट केलेल्या असतात. पत्रा निरोगी, रंग चांगला पण प्रदर्शनाच्या दर्जाचा नव्हे, इंजिन बरे, ब्रेक जुन्याच पद्धतीचे. आपल्याला हवी असते ती ही. तिसऱ्या प्रकारच्या गाड्या विकण्यासाठीच रंगवलेल्या असतात. गंजावर पुट्टी, पुट्टीवर रंग, खाली चॅसीवर एकसारखा काळा फवारा, आत नवा गालिचा, आणि छायाचित्रे संध्याकाळच्या उन्हात काढलेली. यांचा सुळसुळाट फार आहे आणि किमती दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांइतक्याच असतात, हीच खरी अडचण आहे.

आणखी एक प्रकार म्हणजे दुसऱ्याने आधीच बदल केलेली गाडी. आपल्या यादीतले निम्मे काम झालेले दिसते म्हणून मोह होतो. परंतु तिथे आपण दुसऱ्याची वायरिंग आणि दुसऱ्याचे वेल्डिंग विकत घेत असतो, आणि वायरिंग सुधारण्यापेक्षा ती मुळापासून नव्याने करणे पुष्कळदा सोपे जाते.

गाडी पाहण्याआधी यादी

बदलांची यादी गाडी पाहण्याआधी कागदावर लिहावी. गाडी समोर उभी राहिली की माणूस यादी गाडीला जुळवून घेतो, गाडी यादीला नव्हे. यादीतल्या प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहावा: हे नट-बोल्टने बसते, की त्यासाठी कापणे, वेल्ड करणे आणि पुन्हा रंगवणे लागते?

पुष्कळ कामे नट-बोल्टची असतात. १९६७ ते १९७० च्या सी-१० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. १९७१ पासून शेव्हरोलेने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले, आणि तेच भाग आधीच्या वर्षांच्या गाड्यांवर बसवण्याची पद्धत रूढ आहे. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की त्या बदलाबरोबर पुढच्या चाकाचे बोल्ट सहाचे पाच होतात, त्यामुळे मागचा अॅक्सल आणि चाके यांचाही विचार त्याच वेळी करावा लागतो. पॉवर स्टिअरिंग, नवी वायरिंग, नवे गेज, गाडी खाली उतरवणारे स्पिंडल (पुढचे चाक ज्यावर फिरते तो भाग), आखूड स्प्रिंग, रेडिएटर, हे सारे रंगाला न दुखवता होते. एअर कंडिशनिंगचे तयार संच या गाड्यांसाठी वेगळे बनवले जातात. टेक्सासमधील सॅन अँटोनिओची व्हिंटेज एअर ही कंपनी त्याच कामासाठी ओळखली जाते. त्यात फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) काही भोके पडतात, पण तेवढ्याने गाडी रंगवावी लागत नाही.

इंजिनाची गोष्ट जरा निराळी आहे. जनरल मोटर्सचे एलएस घराण्यातले इंजिन, विशेषतः १९९९ नंतरच्या सिल्व्हराडो पिकअपमधून निघालेले ५.३ लिटरचे, जुन्या सी-१० मध्ये बसवणे आज इतके रुळले आहे की माउंटपासून एक्झॉस्टपर्यंत सर्व भाग तयार मिळतात. तरीही ‘इंजिन बदलणे’ ही यादीतली एक ओळ नसून सात-आठ ओळी आहेत. या इंजिनाला इंधन सुमारे ५८ पीएसआय दाबाने लागते, म्हणून कार्ब्युरेटरच्या काळातला यांत्रिक पंप निरुपयोगी ठरतो आणि विजेवरचा पंप येतो. पंप टाकीच्या आत हवा म्हणून टाकी बदलते. १९७२ पर्यंतच्या सी-१० मध्ये आणि त्याच काळातल्या एफ-१०० मध्ये टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते, म्हणून टाकी बदलताना ती हौद्याखाली नेण्याची इच्छा स्वाभाविकपणे होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने मी त्या इच्छेच्या बाजूने आहे. पण टाकी खाली गेली की इंधन भरण्याचे तोंडही हलते आणि केबिनच्या बाजूला, चालकाच्या दरवाज्यामागे, एक झाकण आणि त्यामागचे भोक निरर्थक उरते. ते वेल्ड करून बुजवायचे ठरले की केबिनची ती बाजू रंगवायला निघाली, आणि जुन्या गाडीचा रंग तुकड्यापुरता तंतोतंत जुळवणे अवघड असल्याने काम दरवाज्यापर्यंत आणि मडगार्डपर्यंत पसरते. झाकण आहे तसेच ठेवून नवे तोंड हौद्याच्या तळात घेतले, तर रंगाला धक्का लागत नाही. असे निर्णय आधी घेतले म्हणजे पुढचा खर्च आटोक्यात राहतो.

त्यानंतर गिअरबॉक्स. जुन्या गाड्यांचा मागचा अॅक्सल ओझे ओढण्यासाठी ठरवलेला असतो. ३.७३ गुणोत्तर आणि २८ इंच व्यासाचे टायर असतील, तर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेते; ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) असलेला ४एल६०ई गिअरबॉक्स लावला की तोच आकडा सुमारे २,००० वर येतो. हायवेवर गाडी वापरायची असेल तर सर्वांत जाणवणारा फरक हाच आहे, आणि तो पूर्णपणे गाडीच्या खालून करता येतो. प्रोपेलर शाफ्टची लांबी मात्र बदलून घ्यावी लागते.

गाडी खाली उतरवण्याचे काम मध्यम प्रतीचे आहे. दोन-तीन इंचांपर्यंत स्प्रिंग आणि स्पिंडलने भागते. मागून चार-सहा इंच उतरवायची असेल तर अॅक्सल चॅसीच्या रेलवर आपटू नये म्हणून रेलला अर्धगोल खाच पाडून ती जाड पट्टीने मजबूत करावी लागते. हे काम हौद्याखाली झाकले जाते, पण चॅसी एकदा कापली की ती गाडी पुन्हा मूळ म्हणून विकता येत नाही. खरे रंग-खाऊ बदल पुढे आहेत: फायरवॉल सपाट करणे, छपराच्या कडेची पन्हळ कापून टाकणे, रुंद टायरसाठी हौद्यातली चाकघरे वाढवणे, लांब हौद्याची गाडी आखूड करणे, आणि अर्थातच रंगछटा बदलणे. यांपैकी एक जरी काम यादीत पक्के असेल तर रिस्टोअर केलेली गाडी पाहायला जाऊ नये. न रंगवलेली पण गंज नसलेली गाडी शोधावी.

तीन बिंदूंच्या सीट बेल्टबद्दल एक सूचना. जुन्या पिकअपमध्ये बहुधा फक्त कमरेचे पट्टे असतात, आणि खांद्याच्या पट्ट्याला आधार देण्यासाठी दरवाज्यामागच्या खांबात मजबुतीची पट्टी वेल्ड करावी लागली तर बाहेरचा रंग उष्णतेने जळू शकतो. हा बदल मी टाळण्यासारखा मानत नाही. म्हणूनच त्याची सोय गाडीत आधीपासून आहे का, हे विचारून घ्यावे.

हिशेब

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. समजा, रिस्टोअर केलेली गाडी ३५,००० डॉलरला आहे. तिच्यातले इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेकचे भाग काढून विकल्यावर २,५०० डॉलर परत येतील असे धरले, तर आपल्या कामाचा पाया ३२,५०० ला पडला. दुसरीकडे गंज नसलेली जुनी गाडी १२,००० ला मिळते. तिच्या पत्र्याला आणि रंगाला १८,०००, अंतर्भागाला ५,००० आणि क्रोम, काचा व रबर यांना ४,००० धरले, तर पाया ३९,००० ला पडतो, शिवाय रंगाच्या दुकानात वाट पाहण्यात जाणारा काळ वेगळाच. इथे रिस्टोअर केलेली गाडी सरस ठरते. आता यादीत फायरवॉल सपाट करणे किंवा रंग बदलणे आले, की पहिल्या गाडीवर पुन्हा १८,००० चढतात आणि तिचा पाया ५०,५०० वर जातो. एका ओळीने निकाल उलटला. आपल्या भागातल्या रंगकाम करणाऱ्यांकडून खरे दर घेऊन हीच बेरीज स्वतःच्या आकड्यांनी करावी. तोंडी अंदाजावर विसंबू नये, कारण रंगाच्या कामात अंदाज नेहमी एकाच दिशेला चुकतो.

पुष्कळजण इंजिन ‘नुकतेच बांधलेले’ असल्याबद्दल जास्त पैसे देतात आणि वर्षभरात तेच इंजिन काढून टाकतात. जे काढायचे आहे त्याची किंमत देऊ नये. विक्रेत्याला इंजिनाचा अभिमान असेल आणि आपल्याला ते नको असेल, तर त्याने ते स्वतःकडे ठेवून किंमत कमी करावी असा प्रस्ताव मांडण्यात काहीही वावगे नाही.

कोणती पिढी

बदलांसाठी १९६७ ते १९७२ ची सी-१० मला सर्वांत सोयीची वाटते. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग, मागे बहुतेक गाड्यांना ट्रेलिंग आर्म व कॉइल स्प्रिंग, त्यामुळे मूळ रचना न मोडता ही गाडी चांगली चालवता येते. तिचे भावंड असलेल्या जीएमसीच्या गाड्यांना मागे साधारणपणे पाटे असतात, हे पाहून घ्यावे. १९७१ आणि १९७२ च्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक मुळातच असल्याने एक काम वाचते. आखूड हौद्याच्या गाडीचा व्हीलबेस ११५ इंच, लांब हौद्याच्या गाडीचा १२७ इंच. आखूड गाडीला मागणी जास्त असल्यामुळे लांब गाड्या कापून आखूड केल्या जातात. ते काम नीट झाले असेल तर आक्षेप नाही, पण ते सांगितले गेले पाहिजे आणि किमतीत दिसले पाहिजे. ज्याला आकाराचा अट्टहास नाही त्याने लांब हौद्याची गाडी घ्यावी. तेवढ्याच पैशांत तिचा पत्रा बहुधा जास्त चांगला मिळतो.

फोर्डने १९६५ पासून एफ-१०० ला पुढे ट्विन आय-बीम पद्धत (दोन चाकांना दोन वेगळे दांडे) दिली. ती दणकट आहे, पण गाडी खाली उतरवली की चाकांचा कल बिघडतो. म्हणून २००३ ते २०११ च्या क्राउन व्हिक्टोरिया मोटारीचे संपूर्ण पुढचे सस्पेन्शन या गाडीखाली बसवण्याची प्रथा पडली आहे. काम चांगले होते. मात्र ते चॅसीवरचे काम आहे, आणि त्यासाठी अचूक मोजमाप व सराईत वेल्डर लागतो. १९५३ ते १९५६ च्या एफ-१०० दिसायला मला सर्वांहून देखण्या वाटतात, पण त्यांचा पुढचा अॅक्सल अखंड दांड्याचा असल्याने आधुनिक चाल हवी असेल तर पुढचा भाग जवळजवळ नव्यानेच उभारावा लागतो. डॉज आणि इंटरनॅशनलच्या पिकअप फारशा दिसत नाहीत म्हणून आकर्षक वाटतात. त्यांच्यासाठी नवे भाग थोडेच बनतात, तेव्हा रिस्टोअर केलेली मिळाल्यास तिला बदलण्यापेक्षा आहे तशी चालवावी.

पाहणी

पाहणीला सकाळी जावे, गाडी धुतलेली पण कोरडी असावी, आणि इंजिन आपण येण्याआधी सुरू करू नये असे विक्रेत्याला आधीच सांगावे. सोबत मऊ कापडात गुंडाळलेले चुंबक, विजेरी, आरसा आणि रंगाची जाडी मोजणारे यंत्र न्यावे. हे यंत्र फार महाग नसते. नव्याने रंगवलेल्या गाडीवर कारखान्यातल्या रंगापेक्षा जाडी जास्त येणारच, त्यामुळे एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. एका पॅनेलवर २०० मायक्रॉनच्या आसपास वाचन येत असताना खालच्या कोपऱ्यात ते अचानक १,००० च्या पुढे गेले, तर त्या ठिकाणी पुट्टी आहे. सी-१० मध्ये ही ठिकाणे ठरलेली आहेत: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दरवाज्याखालची रॉकर पॅनेल, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, छपराची पन्हळ, आणि केबिन चॅसीवर टेकते ते माउंट.

गालिचा उचलू द्यावा असा आग्रह धरावा. विक्रेता नको म्हणाला तर उत्तर मिळाले. पायाखालच्या पत्र्यावर जुन्यावर नवा पत्रा चिकटवून सीलर फासलेला असेल, तर बाहेरचे कामही त्याच वृत्तीने झालेले असते. विंडशील्डखालच्या काउलमध्ये बाटलीभर पाणी ओतावे आणि ते गाडीखाली पडते की आत पायाशी झिरपते हे पाहावे. काउल दुरुस्त करणे म्हणजे पुढचा भाग उलगडणे आणि रंगवणे. हौद्याच्या लाकडी फळ्या नव्या असतात म्हणून डोळे तिथेच रेंगाळतात. खाली वाकून त्यांच्याखालचे आडवे पत्रे पाहावेत. फाळका उघडून त्याच्या खालच्या कडेवर बोट फिरवावे. दरवाज्यांच्या फटींबद्दल मात्र फार कठोर होऊ नये, कारण या गाड्या शेतावर आणि बांधकामावर राबण्यासाठी बनल्या होत्या आणि कारखान्यातूनही त्यांच्या फटी एकसारख्या येत नसत. दोन्ही बाजूंच्या फटींत मोठा फरक असेल तरच कारण शोधावे.

गाडी लिफ्टवर चढवून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. चॅसीवर नुकताच जाड काळा लेप दिलेला असेल तर त्याखाली काय आहे ते लहान हातोडीच्या आवाजावरून कळते; निरोगी लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. व्हीलबेस टेपने मोजावा, १२७ किंवा ११५ यांपैकी जो सांगितला आहे तोच आहे ना हे पाहावे, आणि रेलवर मध्येच वेल्डिंगचा सांधा आहे का ते शोधावे. सी-१० च्या ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत गाडीच्या मूळ पर्यायांची चिकटपट्टी असते, तिच्यावर मूळ व्हीलबेसही छापलेला असतो. अशा पट्ट्या नव्याने छापूनही मिळतात, हेही माहीत असावे.

यंत्रभागाकडे मी कमी वेळ देतो. इंजिन थंड असताना सुरू होते का, निळा धूर येतो का, ऑइलचा दाब टिकतो का, एवढे पुरे, कारण ते जाणार आहे. जे राहणार आहे ते पाहावे: मागचा अॅक्सल, स्टिअरिंग बॉक्स, काचा, दरवाज्यांची बिजागरे, हीटर. १९६७ च्या आधीच्या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच मार्गाचा असतो; एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात, तेव्हा चाचणीसाठी चालवताना अंतर राखून चालवावे आणि दुहेरी सिलिंडर यादीत पहिल्या क्रमांकावर लिहावा.

सर्वांत मोलाचा पुरावा मात्र विक्रेत्याच्या फोनमध्ये किंवा जुन्या फाइलमध्ये असतो: रंग खरवडून उघडा पत्रा केल्यावर काढलेली छायाचित्रे. ज्याने पत्र्याचे काम प्रामाणिकपणे केले आहे तो ती न मागता दाखवतो. छायाचित्रेच नाहीत, गाडी विक्रेत्याकडे काही महिनेच आहे, आणि रंग नवा आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर मी परत फिरेन. लिलावात गाडी घेण्याचा विचार असेल, जसे दर जानेवारीत ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे बॅरेट-जॅक्सनचा मोठा लिलाव होतो, तर एक लक्षात घ्यावे की तिथे गाडी जवळून पाहता येते, पण लिफ्टवर चढवणे आणि रस्त्यावर चालवणे बहुधा शक्य नसते. बदलांसाठी गाडी घेणाऱ्याने अशा झगमगाटापासून दूर राहिलेले बरे. गाडी दूरच्या राज्यात असेल तर त्या गावातला स्वतंत्र परीक्षक पैसे देऊन पाठवावा. कोरड्या नैर्ऋत्य राज्यांतल्या गाड्यांचा पत्रा टिकलेला असतो, मिठाचे रस्ते असलेल्या मिशिगन-ओहायोकडच्या गाड्यांबाबत दुप्पट सावध राहावे.

कागदपत्रे आणि राज्याचे नियम

सतरा अंकी व्हिन क्रमांकाची पद्धत १९८१ च्या मॉडेलपासून सुरू झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली पद्धत होती. १९६७–७२ च्या सी-१० च्या क्रमांकात ‘सीई’ म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, व्ही-८ इंजिनाची गाडी आणि ‘सीएस’ म्हणजे सहा सिलिंडरची. सहा सिलिंडरच्या गाडीत आज व्ही-८ असेल तर तो दोष नव्हे, पण जाहिरातीत ‘मूळ इंजिन’ लिहिले असेल तर ती गाडी तिथेच बाद होते. दरवाज्याजवळची पट्टी, चॅसीवर कोरलेला क्रमांक आणि टायटल, तिन्ही जुळले पाहिजेत, आणि टायटलवरचे नाव विक्रेत्याचेच असले पाहिजे. केबिन दुसऱ्या गाडीची आणि चॅसी तिसऱ्या गाडीची असण्याचे प्रकार पिकअपमध्ये नेहमीचे आहेत. तो गुंता नोंदणी कार्यालयात सोडवत बसण्यापेक्षा दुसरी गाडी शोधावी.

इंजिन बदलायचे असेल तर मॉडेलचे वर्ष कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना नियमित स्मॉग तपासणी नाही. १९७६ पासूनच्या गाड्यांना ती आहे, आणि त्यांत नवे इंजिन बसवल्यास ते त्याच्या प्रदूषण-नियंत्रक भागांसह बसवून अधिकृत रेफरीकडून मान्य करून घ्यावे लागते. तिथे राहणाऱ्याने १९७२ आणि १९७८ च्या दोन सारख्याच भावाच्या गाड्यांत निवड करताना फार विचार करण्याची गरज नाही. ऐतिहासिक वाहनाची पाटी स्वस्त पडते म्हणून अनेकजण घेतात, पण तिच्यावर वापराचे बंधन असते; मिशिगनमध्ये अशी पाटी मुख्यतः प्रदर्शने, मिरवणुका आणि क्लबच्या सहली यांसाठी असते. रोज कामावर न्यायची असेल तर साधी पाटी घ्यावी.

बदल करून ही गाडी पुढे-मागे पुण्याला किंवा कोल्हापूरला नेऊ, असा विचार कोणाच्या मनात असेल तर तो आताच बाजूला ठेवावा. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याला आडवे येते, आणि २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची नोंदणी होते ती चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसतील तरच. मूळ स्वरूपातल्या गाडीचा मार्ग वेगळा आहे. बदललेल्या गाडीने अमेरिकेतच राहावे.

कापू नये अशी गाडी

कधी कधी पाहणीत असे दिसून येते की गाडी आपल्या कामासाठी फार चांगली आहे. आखूड हौदा, वरच्या श्रेणीची चेयेन सुपर, मोठ्या ब्लॉकचे मूळ इंजिन, कारखान्याचा रंग, पहिल्या मालकाची कागदपत्रे, असा योग जुळलेली १९७२ ची सी-१० कापणे हा आर्थिक मूर्खपणा आहेच, शिवाय अशा गाड्या आता नव्याने तयार होणार नाहीत. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या किंमत-मार्गदर्शकात गाड्यांची अवस्था १ (सर्वोत्तम) ते ४ अशा क्रमांकांनी मांडलेली असते. माझा ढोबळ नियम असा की १ आणि २ क्रमांकाच्या गाड्यांना हात लावू नये, ३ क्रमांकाच्या गाड्यांत आपली गाडी शोधावी. ती घेतल्यावरही काढलेला प्रत्येक भाग खूणचिठ्ठी लावून ठेवावा, निदान पहिली दोन वर्षे. मन बदलणारे बरेच असतात, आणि पुढच्या खरेदीदाराला मूळ भागांची पेटी दाखवता आली तर भाव वाढतो.

किंमत आणि विमा

घासाघीस करताना पाहणीत सापडलेल्या गोष्टी दुरुस्तीच्या खर्चाच्या रूपात मांडाव्यात, ‘जास्त वाटते’ असे म्हणून नव्हे. पुट्टीचा कोपरा सापडला तर तो कोपरा कापून नवा पत्रा लावण्याचा आणि ती बाजू रंगवण्याचा दर विक्रेत्यापुढे ठेवावा. त्याने तो मान्य केला नाही तर त्याला दोष देता येत नाही, आपण मात्र यादी घेऊन घरी यावे.

विमा गाडी ट्रेलरवर चढण्याआधी सुरू झालेला असावा आणि तो ठरीव किमतीचा असावा, म्हणजे गाडी पूर्ण नष्ट झाल्यास आधी मान्य केलेली रक्कम मिळते. साध्या पॉलिसीत घसारा वजा करून जुन्या वाहनाचा भाव लावला जाण्याची भीती असते. बदल सुरू झाल्यावर ही ठरीव रक्कम मागे पडत जाते. म्हणून इंजिन बसले, ब्रेक झाले, अंतर्भाग झाला, अशा प्रत्येक टप्प्यावर पावत्या आणि छायाचित्रे विमा कंपनीला पाठवून रक्कम वाढवून घ्यावी, आणि गाडी अर्धवट उघडलेल्या अवस्थेत दुसऱ्याच्या दुकानात उभी असताना आग किंवा चोरीची जबाबदारी कोणाच्या पॉलिसीवर येते, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे.